अर्ध्या यादीची प्रार्थना

४ फेब्रुवारी

आज एक भयंकर गोष्ट कळली, आणि ती कळल्यावर मला आधी हसू आलं, हे त्याहून भयंकर.

कोपऱ्यावरच्या बेकरीचे आजोबा तीन महिन्यांपूर्वी धाकट्या मुलाकडे दुसऱ्या गावी राहायला गेले. जाताना म्हणाले होते, "बाई, तुमच्या यादीत माझा रक्तदाब असू द्या." तो अकराव्या नंबरावर होता. तिकडचा फोन मात्र देऊन गेले नाहीत, म्हणून त्यांची रोजची चौकशी तेवढी सुटली. रोज सकाळी चहाच्या आधी मी खिडकीपाशी खुर्चीत बसते, डोळे मिटते आणि यादीतलं एकेक नाव घेऊन देवाला ज्याचं त्याचं गाऱ्हाणं सांगते. आज पाव आणायला गेले, आजोबांची चौकशी केली, तर बेकरी चालवणारी थोरली सून म्हणाली, "मामंजी जाऊन तीन आठवडे झाले की! तुम्हाला कुणी बोललं नाही?"

म्हणजे एकवीस दिवस मी एका गेलेल्या माणसाचा रक्तदाब आटोक्यात ठेवायला सांगत होते. तो आटोक्यात होता, यात शंका नाही.

पण मला कुणी थांबवलं कसं नाही? माणसांचं सोडा, त्यांच्या लक्षात आलं नसेल. ज्याला सांगत होते त्याला तर माहीत असणार! बेकरीत फोन करून आपण बंद झालेला पाव मागितला तर पलीकडचा माणूस म्हणतो, अहो, तो आता येत नाही. निदान खाकरतो तरी. इकडे एकवीस दिवस चिडीचूप.

ह्यांना सांगितलं. हे शाळेत भूगोल शिकवतात आणि देवाबद्दल विचारलं की 'आपल्या विषयात येत नाही' म्हणतात. आज म्हणाले, "पत्ता बदलला असेल." कुणाचा, ते काही सांगितलं नाही.

५ फेब्रुवारी

खुर्चीत बसले. पहिलंच नाव घेतलं आणि वाटलं, खोलीत कुणी नाही. घाबरून उठले आणि चहा टाकला.

६ फेब्रुवारी

नीट लिहून काढते, म्हणजे डोकं जागेवर येईल.

ही यादी आईची. ती अंथरुणाला खिळली तेव्हा तिने वही माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "कुणाला वगळू नकोस." ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, पण वही मिळाली मला. तेव्हापासून लोक म्हणतात, हिच्या शब्दाला तिकडे वजन आहे. मीही ते खरं मानून चालले, उगाच खोटं का लिहा. मिरवलंसुद्धा थोडंफार.

आता भीती दोन प्रकारची आहे. देव नसेल, तर बावीस वर्षं मी खिडकीच्या पडद्याशी बोलत होते. आणि असेल, तर माझ्या मनात आलेला हा विचार त्याने ऐकलाच असेल. पहिलीने पोटात खड्डा पडतो, दुसरीने घाम फुटतो. दोन्ही एकदम खऱ्या असूच शकत नाहीत, हे मला कळतं. पोटाला कळत नाही.

९ फेब्रुवारी

आज प्रयोगशाळेत काम करता करता उपाय सापडला!

आम्ही बियाणं तपासतो. पिशवीवर लिहिलंय तेवढं बी खरंच उगवतं का, एवढंच बघायचं. ओल्या टीपकागदावर शंभर बिया ओळीने मांडायच्या, चौथ्या दिवशी मोजायच्या, सातव्या दिवशी पुन्हा मोजायच्या. कुणी बियांना लावायचं नवं औषध घेऊन आलं की दोन ट्रे करतो. एका ट्रेतल्या बियांना औषध लावायचं, दुसऱ्यातल्या तशाच ठेवायच्या. दुसऱ्याला आम्ही कोरा ट्रे म्हणतो. कोऱ्यापेक्षा औषधाचा ट्रे जास्त उगवला तर औषध खरं. सत्तावीस वर्षं मी हेच करते आहे आणि प्रार्थनेचं हे औषध मात्र मी एकदाही तपासलं नव्हतं.

संध्याकाळी यादीतली चोवीस नावं चिठ्ठ्यांवर लिहिली. ह्यांच्या टोपीत टाकल्या आणि ह्यांना उचलायला लावल्या, म्हणजे माझा हात नको. पहिल्या बारा चिठ्ठ्या प्रार्थनेच्या, उरलेल्या बारा कोऱ्या. मुदत ३१ मार्चपर्यंत.

"देवाची परीक्षा घेतेस?" हे म्हणाले.

"त्याला काय घाबरायचंय? अभ्यास झालेला असेल तर."

ताई कोऱ्यात गेली. जरा चुटपुट लागली, पण तिचं काय, नुसता गुडघा आहे. भावोजी गेले त्या वर्षापासून दुखतोय, सहा वर्षं झाली. दीड महिना प्रार्थनेवाचून राहील.

१० फेब्रुवारी

नियम पक्के केले. एका वेळी एकच औषध, नाहीतर गुण कशाचा ते कळत नाही. एरवी मी यादीतल्या प्रत्येकाची चौकशी करते. करावीच लागते, नाहीतर दुसऱ्या दिवशी देवाला ताजं काय सांगणार? पण आता प्रार्थनेच्या बारा जणांना फक्त प्रार्थना. फोन नाही, भेट नाही, काही नाही. भेसळ नको.

कोऱ्या बारा जणांना प्रार्थना नाही. तेव्हा त्यांना फोन केला तर काही बिघडत नाही.

१३ फेब्रुवारी

खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका कोऱ्यात आहेत. त्यांना दिसेनासं झालंय. शिवणाचं ते हाताच्या सवयीने निभावतात, पण सुई ओवता येत नाही. आज त्यांच्या दुकानात डोकावले तर एका सुईशी झटापट चालली होती आणि सुई जिंकत होती. मला फार वाईट वाटलं. माझ्या टोपीतल्या चिठ्ठीने या माणसाला वाऱ्यावर सोडलंय आणि त्याला पत्तासुद्धा नाही. मग बसले आणि वीस सुया ओवून दिल्या, पांढऱ्या दोऱ्याच्या सात, काळ्याच्या सात, बाकी रंगीत. उशीला ओळीने टोचून ठेवल्या.

"वहिनी, उद्याची सोय झाली," काका म्हणाले.

उद्याही जाते. प्रार्थना करता येत नाही, निदान सुई तरी.

१९ फेब्रुवारी

मामाची कवळी हरवली. मामा कोऱ्यात. एरवी असं काही झालं की मी देवाला सांगत असे आणि दोन दिवसांत वस्तू सापडत असे, मामा म्हणे, "बघ, तुझा वशिला!" या वेळी देवाला सांगायची सोय नाही, म्हणून स्वतःच गेले. कपाट, गाद्या, कोटाचे खिसे, सगळं पालथं घातलं. कवळी सापडली रेडिओच्या मागे. तिथे कशी गेली विचारलं तर म्हणाला, "बातम्या ऐकताना तोंडातून निघाली असेल." तोंड धुऊन आला आणि मला आग्रहाने बिस्किटं खाऊ घातली, स्वतःही कडाकडा चावली.

पुतणी प्रार्थनेच्या बारांत आहे. गाडी चालवायच्या परीक्षेत आज तिसऱ्यांदा नापास. तिच्यासाठी मी रोज सकाळी अगदी कळकळीने सांगितलं होतं, गिअरसकट.

२२ फेब्रुवारी

ताईचा फोन. आवाज नेहमीचाच, वर्गात मुलांना गप्प करायचा. तिने सदतीस वर्षं बालवर्ग सांभाळला, तेव्हापासून तो तसाच राहिलाय.

"गुडघा राहू दे बाजूला," म्हणाली, "आता मोठं काम निघालंय." हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. बदलावी लागेल. चोवीस मार्चला ऑपरेशन.

"तू आहेस म्हणून मला काळजी नाही," म्हणाली. "तू तिकडे सांग व्यवस्थित."

मी "हो" म्हटलं आणि फोन ठेवला. मग टोपीकडे बघत बसले. टोपी खुंटीवर होती, तिला काय.

२३ फेब्रुवारी

ताईला प्रार्थनेच्या बाजूला घेतलं तर? लॅबमध्ये एखाद्या पोरीने असं बी इकडचं तिकडे केलं तर मी तिला दिवसभर उभं करीन. आणि मुख्य म्हणजे, भीतीने केलं तर मला आयुष्यभर कळणार नाही की तिकडे कुणी आहे की नुसती माझी भीतीच आहे.

पण ताई आहे. मला वेणी घालायला तिने शिकवलं. आई कामावर जायची तेव्हा माझा हात धरून शाळेत तीच न्यायची, आणि रस्ता ओलांडताना इतका घट्ट धरायची की बोटं पांढरी पडायची.

ह्यांना विचारलं. हे नकाशे तपासत होते. म्हणाले, "तुझा प्रयोग, तुझी बहीण. मी दोन्हीपैकी कशालाच हात लावणार नाही." नवरा म्हणून हे किती उपयोगी आहेत, यावर कधीतरी वेगळं पान लिहीन.

२८ फेब्रुवारी

पहिली मोजणी केली. तीनदा केली, कारण विश्वास बसेना.

प्रार्थनेचे: बारांपैकी तिघं सुधारले. कोरे: बारांपैकी नऊ!

शिंपीकाकांचं काम वेळेवर जातंय आणि ते दुकानात गुणगुणतात. मामाची भूक परतली. कोऱ्यातल्या पोस्टमनचा खोकला गेला (मी त्याला गरम पाण्याची वाफ घ्यायला बसवलं होतं, तो मधेच पळतो म्हणून समोर उभी राहिले होते). उलट प्रार्थनेतल्या चुलत जाऊबाईंची पाठ धरली, पुतणीचं सांगितलंच, आणि लॅबच्या पहारेकऱ्याच्या घरी पाहुणे आलेत ते जात नाहीत.

याचा अर्थ काय घ्यायचा? देव नाही, असं म्हणावं तर दोन्ही ट्रे सारखे यायला हवे होते. देव आहे, असं म्हणावं तर मी ज्याचं नाव घेते त्याचंच तो बिघडवतो. म्हणजे आहे आणि रागावलाय! बावीस वर्षं माझी प्रार्थना लोकांना बाधत होती की काय? आज जेवण गेलं नाही.

आकड्यांनी पाहिलं तर ताई कोऱ्यातच बरी. पण आकडे बघून मन निवत नाही.

३ मार्च

भिंगबाईंना सांगितलं. भिंगबाई म्हणजे आमच्या लॅबमधल्या सगळ्यांत जुन्या. गळ्यात कायम भिंग असतं आणि त्यातून त्या बियांकडे आणि माणसांकडे सारख्याच बघतात. माणसांची नावं न सांगता फक्त आकडे दाखवले, म्हटलं एका नव्या औषधाचे आहेत.

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "औषधाच्या ट्रेत तीन आणि कोऱ्यात नऊ? बाई, असं कधी होत नाही. कोऱ्या ट्रेत कुणीतरी हात घातलाय."

"कुणी नाही घातला. मी स्वतः लक्ष ठेवून होते."

"लक्ष ठेवणाऱ्यानेच घातला असेल. कोऱ्याची कीव आली असेल. नव्या पोरी करतात असं, हळूच दोन थेंब खत टाकतात. फेकून द्या तो ट्रे."

मला राग आला. माझ्यावर आळ म्हणजे काय! मी कोऱ्यातल्या एकाही माणसासाठी एक अक्षर पुटपुटलेले नाही. ते मी कशाचीही शपथ घेऊन सांगायला तयार आहे. आता शपथ घ्यायला कुणी आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे.

रागारागात शिंपीकाकांकडे गेले आणि तीस सुया ओवल्या.

१२ मार्च

ताईकडे राहायला आले. रजा घेतली आहे. ऑपरेशनआधी रोज चालायचं आणि श्वासाचा व्यायाम करायचा, असं डॉक्टरांनी सांगितलंय. तीन चेंडूंची एक प्लॅस्टिकची नळी दिली आहे. श्वास आत ओढला की चेंडू वर चढतात. ताईचे दोन चढतात. मी केलं तर माझेही दोनच. मग आम्ही पैज लावली आणि दोघींना इतकं हसू आलं की एकही चढेना.

सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत चालतो. ताई एक खांब सोडून दुसऱ्या खांबापाशी थांबते आणि म्हणते, "हा खांब फार छान आहे, जरा बघू या."

गुडघ्याबद्दल विचारलं. "कुठला?" म्हणाली, आणि मग एकदम, "हो हो, दुखतोय." डावा धरला. सहा वर्षं माझ्या यादीत उजवा आहे. आजारपणात माणसाला सुचत नाही.

१६ मार्च

ताईने विचारलं, "आहे ना मी यादीत?"

"आहेस की."

खोटं नाही बोलले. यादीत आहेच. पण भाजी चिरताना डोळ्यांना पाणी आलं आणि भाजी कांद्याची नव्हती.

इकडूनही बाकीच्या अकरा कोऱ्यांना फोन चालूच आहेत. शिंपीकाकांच्या सुया ह्यांच्यावर सोपवल्या. हे म्हणे दोऱ्याचे रंग खंडांप्रमाणे लावतात.

२० मार्च

आज न्हाणीघरात नळ सोडला आणि ओठ आपोआप हलायला लागले, "देवा, ताईला..." घाबरून तोंड दाबलं आणि पाढे म्हणायला लागले. एकोणिसाचा म्हटला, तो कठीण आहे, दुसरं काही मधे शिरत नाही. बाहेरून ताई ओरडली, "एकोणीस सक चौदाशे नाही गं, एकशे चौदा!"

किती मूर्ख आहे मी. बहीण मरणाच्या दारातून जाऊन येणार आणि मी तिच्यासाठी प्रार्थना होऊ नये म्हणून पाढे म्हणते आहे. हा प्रयोग देवाचा राहिला नाही, माझ्या हट्टाचा झालाय. पण सोडवतही नाही. सोडला आणि प्रार्थना केली, आणि खोली रिकामीच निघाली तर? ते मला ताईच्या ऑपरेशनच्या आधी कळायला नकोय. खरी गोष्ट ही आहे.

२३ मार्च

हॉस्पिटल. उद्या सकाळी आठला नेणार.

चार वाजता चहा आला. नर्सने ताईच्या नखांचा रंग पुसून काढला होता आणि ताई बोटं पसरून बघत होती. म्हणाली, "ही बोटं कुणाची आहेत कुणास ठाऊक." आवाज वर्गातला नव्हता. तो बारीक आवाज ऐकला आणि माझ्याने राहवेना.

सगळं सांगितलं. बेकरीचे आजोबा, टोपी, चिठ्ठ्या, कोरा ट्रे, पाढे. "ताई, तू मला सांगितलंस आणि मी दीड महिन्यात तुझ्यासाठी देवापाशी एक शब्द बोललेली नाही. आणि मला आता तो आहे असंच वाटत नाही. मला फार भीती वाटते गं."

ताईने माझ्याकडे बघितलं. तिचे खांदे हलायला लागले, मला वाटलं रडते आहे. हसत होती! तिच्या नाडीला लावलेलं यंत्र टिकटिक करायला लागलं आणि नर्स धावत आली. "काही नाही," ताई तिला म्हणाली, "ही माझी धाकटी, हिने मला खतावाचून ठेवलंय."

नर्स गेली. मग ताई म्हणाली, "आता माझं ऐक. माझा गुडघा कधी दुखलाच नाही."

"काय?"

"काय धाड भरलीय गुडघ्याला! हे गेले, घर खायला उठायचं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, तुझ्या यादीत असलेल्या माणसाला तू रोज फोन करतेस. यादीबाहेरच्याला वाढदिवसाला. मग म्हटलं, काहीतरी दुखायला हवं. दात म्हटला असता तर तू डॉक्टरकडे नेलं असतंस. गुडघा बरा, आयुष्यभर पुरतो."

"सहा वर्षं!"

"सहा वर्षं. आणि देवाचं म्हणशील तर मी त्याला कधी मानलंच नाही. आईला ते माहीत होतं. वही तुला का दिली मग?"

डोक्यात भिंगबाई आल्या. कोऱ्याची कीव आली असेल, म्हणाल्या होत्या. शिंपीकाकांच्या सुया, मामाची कवळी, पोस्टमनची वाफ. अरे देवा. दोन थेंब कुठले, मी बादल्या ओतल्या होत्या! आणि प्रार्थनेच्या बारा जणांकडे दीड महिना ढुंकून पाहिलं नव्हतं. सत्तावीस वर्षं नोकरी करून ही अक्कल.

"ट्रे बाद," मी म्हटलं.

"बाद तर बाद. पण आता मला खरंच भीती वाटते आहे," ताई म्हणाली. "तेव्हा कर बाई एकदा प्रार्थना. तुझा आवाज तरी ऐकते."

डोळे मिटले. शब्द येईनात. "नाही येत गं मला आता."

"मग सरक, मी करते. कशी सुरू करायची?"

"नुसतं 'देवा' म्हणायचं आणि बोलायचं."

ताईने डोळे मिटले, घसा साफ केला. "अहो देव," म्हणाली.

"देवाला अहो-जाहो कुणी करतं का?"

"आमची ओळख कुठे आहे! मधे बोलू नकोस." मग पुन्हा डोळे मिटून, "अहो देव, मी तुम्हाला कधी मानलं नाही, तुम्हीही कधी तक्रार केली नाहीत. चांगलं चाललं होतं आपलं. माझ्यासाठी काही नको, डॉक्टर हुशार आहे, मी त्याचे कागद वाचलेत. पण ही माझी धाकटी बहीण. तुम्ही नसाल म्हणून हिला रडू येतं. इतकं कुणी माझ्यासाठी रडलं असतं तर मी नसले तरी आले असते. तेवढं बघा."

आणि तिने माझा हात धरला. रस्ता ओलांडताना धरायची तसा.

२४ मार्च

आठला नेलं. मी बाहेरच्या बाकावर. हे आले, सोबत सुयांचा डबा. उरलेल्या इथेच ओवू म्हणाले. साडेनऊला शिंपीकाका आले, मामा कवळी घालून आला, पोस्टमन पाकिटांची पिशवी घेऊनच आला. मग जाऊबाई पाठ धरून आल्या, त्यांच्यामागे पुतणी. ती बसने आली, हे देवाचे आभारच. मला सगळ्यांची लाज वाटली, विशेषतः प्रार्थनेवाल्यांची. जाऊबाईंना म्हटलं, "मी तुम्हाला एकदाही फोन केला नाही."

"तेच म्हटलं मी ह्यांना, तिला काहीतरी झालंय. म्हणून रोज तुझ्यासाठी सांगत होते हो वर. आणि ताईंचं कळल्यावर त्यांच्यासाठीही."

"मीही," पोस्टमन म्हणाला. "रोज पहिल्या पाकिटाच्या वेळी."

शिंपीकाकांनी हात वर केला, शाळेतल्यासारखा. "मी तर प्रत्येक सुईला ताईंचं नाव घेत होतो वहिनी. दिवसाला वीस. तुम्ही तीस ओवल्यात त्या दिवशी तीस."

मामा म्हणाला, "मी विसरायचो, म्हणून रेडिओवर चिठ्ठी लावली होती."

म्हणजे माझ्या कोऱ्या ताईवर महिनाभर सगळ्या गावाचं औषध चाललं होतं. मला हसू फुटलं. ते आवरेना, रडूही त्यात मिसळलं, आणि पहाऱ्यावरच्या माणसाने येऊन 'शांतता राखा' म्हणून पाटीकडे बोट दाखवलं. हे म्हणाले, "तिला हसू द्या. तिचा प्रयोग फसलाय." मग मी उठले आणि जाऊबाईंची पाठ चोळून दिली.

एक वाजून दहा मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले. मास्क खाली केला. हसत होते. झडप नीट बसली. हृदय आपलं आपण चालतंय.

२६ मार्च

काचेतून पाहिलं. ताईने दोन बोटं हलवली.

२९ मार्च

साध्या खोलीत आणलं. पहिलं वाक्य, "सूप बेचव आहे." दुसरं, "मग? आहे का तो?"

"माहीत नाही. माझ्या प्रयोगातून काहीच सिद्ध होत नाही."

"आणि भीती?"

शोधून पाहिली. खरंच शोधली, पोटात, जिथे असायची तिथे. "आत्ता तरी सापडत नाही," मी म्हटलं.

"मग झालं तर. माझं काम त्यांनी केलं," ताई म्हणाली आणि झोपली. अजून अहो-जाहोच चाललंय.

२ एप्रिल

प्रार्थनेच्या बारा जणांकडे जाऊन आले. पुतणीला रिकाम्या मैदानात नेऊन दोन तास गाडी वळवायला लावली. माझ्या शेजारी बसण्याने तिला धीर आला असेल, मला नाही आला. पहारेकऱ्याच्या पाहुण्यांना गाडीची वेळ सांगून आले.

५ एप्रिल

ताईला आमच्या घरी आणलं. यापुढे ती इथेच राहणार. तिने आधी 'छे, मी कशाला' वगैरे केलं, आणि बॅग मात्र आधीच भरलेली होती. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. डॉक्टर म्हणाले होते, जिना सावकाश. तिने कठडा धरला आणि चढायला लागली. मी मागे, हे पुढे. प्रत्येक पायरीला ती मोठ्याने आकडा म्हणत होती. सव्वीस पायऱ्या, मधे फक्त दोनदा थांबली. वर पोचल्यावर दम लागलेला, गाल लाल, आणि तोंडभर हसू. इतकी सुंदर मी तिला तिच्या लग्नातसुद्धा पाहिली नव्हती.

मला इतका आनंद झाला की कुठे ठेवू कळेना. ह्यांना सांगितला, पण हे तिथेच होते. मामाला फोन केला, जाऊबाईंना केला, भिंगबाईंना केला. खाली जाऊन शिंपीकाकांना सांगितलं. सगळ्यांना वाटून झाला, तरी उरलाच.

मग खिडकीपाशी जाऊन बसले. वही आणली नाही, मागायचं काही नव्हतं. आतल्या खोलीत ताई उशी कशी ठेवायची यावरून ह्यांच्याशी वाद घालत होती. मी डोळे मिटले. खोलीत कुणी आहे की नाही, ते पाहिलंही नाही.

"देवा," मी म्हटलं, "असलास तर ऐक, नसलास तरी तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. ताई आज सव्वीस पायऱ्या चढली."